चार कंपन्या आणि एक माळी

१९२७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आयकराचं एक प्रकरण आलं. करदाते होते सर दिनशा माणेकजी पेटिट, दुसरे बॅरोनेट. परळचं बैलघोडा हॉस्पिटल ज्या साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने ओळखलं जातं, त्याच गिरणीमालक घराण्याचे हे वारस आणि जिनांशी लग्न केलेल्या रतनबाईंचे वडील. शेअर्स आणि रोख्यांवर त्यांना भरपूर लाभांश आणि व्याज मिळत असे आणि त्यावर आयकराच्या जोडीला सुपर टॅक्सही लागत असे. सुपर टॅक्स १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात आला होता. उत्पन्न जितकं मोठं तितका त्याचा दर चढा.

सर दिनशांनी चार खासगी कंपन्या स्थापन केल्या. आपल्या गुंतवणुकीचा एकेक हिस्सा आपण एकेका कंपनीच्या वतीने सांभाळतो आहोत, असा करार त्यांनी प्रत्येक कंपनीशी केला. त्यामुळे लाभांश आला की तो कंपनीच्या खात्यात जमा दिसे. कंपन्या त्यांच्याच. पुढे तीच रक्कम कंपनीकडून सर दिनशांकडे येई, पण कर्ज म्हणून. कर्ज हे उत्पन्न नसतं, म्हणून त्यावर कर नाही. वर्षाच्या शेवटी पैसे त्यांच्या हातात असत आणि कागदावर मात्र ते स्वतःच्याच कंपन्यांचे कर्जदार असत.

न्यायालयाने हे मान्य केलं नाही. या कंपन्या म्हणजे खुद्द सर दिनशाच आहेत, असं न्यायमूर्तींनी म्हटलं. त्या कसलाही धंदा करत नाहीत; लाभांश आणि व्याज वरवर आपल्या नावावर घेऊन ते कर्जाच्या मिषाने मालकाला परत देणं एवढ्यासाठीच त्या जन्माला आल्या आहेत. सुपर टॅक्स भरावा लागला. आजही कंपनीचा पडदा बाजूला सारून मागचा माणूस पाहण्याचा प्रश्न भारतीय न्यायालयांपुढे आला की हा निकाल हमखास निघतो.

हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण यात लपवाछपवी नव्हती. उत्पन्न दडवणं, खोट्या पावत्या करणं, रोखीने व्यवहार करणं ही करचोरी. तिला शिक्षा आहे आणि तिच्या नैतिकतेबद्दल कुणालाही शंका नाही. इथे कंपन्या रीतसर नोंदवलेल्या होत्या, ठराव झाले होते, हिशेब लिहिले होते. प्रत्येक पायरी कायद्याने परवानगी दिलेली होती. सगळ्या पायऱ्या मिळून जे घडत होतं ते मात्र एवढंच, की शहरातल्या अतिश्रीमंतांपैकी एका माणसाला त्या करातून सूट मिळत होती आणि ती सूट देण्याचं कुणीच ठरवलेलं नव्हतं.

मुंबईच्या या निकालानंतर आठ वर्षांनी, १९३५ मध्ये, लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्सने याच जातीच्या प्रश्नाला नेमकं उलट उत्तर दिलं. दुसरे ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर हे ब्रिटनमधल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. लंडनच्या मेफेअर आणि बेलग्रेव्हिया या भागांतली जमीन त्यांच्या घराण्याची. त्यांच्याकडे माळी होते, घरकाम करणारे होते. घरच्या नोकरांचा पगार उत्पन्नातून वजा करायला तिथला कायदा परवानगी देत नव्हता. लेखी करारपत्राने ठरावीक वर्षं द्यायची वार्षिक रक्कम मात्र वजा होत असे. म्हणून ड्यूकनी नोकरांना करारपत्रं करून दिली: तुमच्या आजवरच्या सेवेबद्दल कृतज्ञता म्हणून सात वर्षं दर आठवड्याला अमुक रक्कम मिळेल, पुढे काम करा वा करू नका. सोबत एक पत्र जाई. कामावर राहिलात तर पगार मागण्याचा हक्क तुम्हाला आहेच, पण करारातली रक्कम मिळत असल्याने उरलेल्या फरकावरच तुम्ही समाधान मानाल अशी अपेक्षा आहे, असा त्याचा मथितार्थ. माळी पूर्वीसारखा बागेत राबत राहिला आणि त्याच्या हातात पडणारे पैसेही होते तेवढेच राहिले. त्यातला मोठा भाग आता पगार नसून वार्षिकी होता आणि तेवढा ड्यूकचा सरटॅक्स, म्हणजे मोठ्या उत्पन्नावरचा जादा कर, कमी झाला.

पाचपैकी चार न्यायाधीश ड्यूकच्या बाजूने गेले. लॉर्ड टॉमलिन यांनी त्या वेळी मांडलेलं तत्त्व पुढे जगभरच्या करसल्लागारांचं पाठांतर बनलं. आपला कर कमी बसेल अशा रीतीने आपले व्यवहार आखण्याचा प्रत्येकाला हक्क आहे आणि ते त्याला साधलं, तर महसूल अधिकाऱ्यांना ते कितीही खटकलं तरी जास्त कर मागता येणार नाही, असा त्याचा आशय. एकट्या लॉर्ड ॲटकिन यांनी विरोधी मत दिलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ते जिंजर बिअरच्या बाटलीतल्या गोगलगायीच्या खटल्यामुळे ठाऊक असतात. माळ्याला मिळणारे पैसे हा त्याच्या कामाचाच मोबदला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मला वाटतं, त्या बागेत उभ्या असलेल्या कुणालाही हेच दिसलं असतं.

ड्यूकचं घराणं या विषयात पुन्हा पुन्हा भेटतं. चौथे ड्यूक १९४४ मध्ये युद्धात जखमी झाले आणि १९६७ मध्ये कर्करोगाने वारले. युद्धातल्या जखमेमुळे मृत्यू आला तर वारसाकर माफ, अशी सवलत तिथे होती. ती जुनी जखम मृत्यूला काही अंशी कारणीभूत ठरली, असा दावा त्यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी केला आणि न्यायालयाने तो मान्य केला. इथे मी लगेच दोष देणार नाही. जखम खरी होती, वैद्यकीय पुरावा तपासला गेला होता, सवलत जखमी सैनिकांसाठीच होती आणि ड्यूक सैनिक होते. पण २०१६ मध्ये सहावे ड्यूक वारले तेव्हा सुमारे नऊ अब्ज पौंडांची मालमत्ता त्यांच्या पंचविशीतल्या मुलाच्या वाट्याला आली आणि तिचा बराच भाग ट्रस्टमध्ये असल्यामुळे ठरावीक मर्यादेवरच्या वारशाला एरवी लागणारा चाळीस टक्के वारसाकर त्याला लागला नाही. ट्रस्टवर दर दहा वर्षांनी कमाल सहा टक्के आकार असतो. काही लाख पौंडांच्या घराचा वारस चाळीस टक्क्यांच्या दराला सामोरा जातो आणि मेफेअरचा वारस दुसऱ्याच नियमांखाली येतो. यातली एकही गोष्ट बेकायदा नाही.

स्वातंत्र्यानंतर भारताने काय केलं? १९८५ मध्ये मॅक्डॉवेल या मद्य कंपनीच्या विक्रीकराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठासमोर हा प्रश्न आला. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी स्वतंत्र निकालपत्रात वेस्टमिन्स्टरच्या तत्त्वाला भारतातून हद्दपार करावं असं म्हटलं. त्या तत्त्वाच्या जन्मभूमीतही १९८१ च्या रॅम्से निकालाने त्याची धार बोथट झाली होती: करबचतीसाठी रचलेल्या व्यवहारांची साखळी सुटी सुटी न पाहता एकत्र पाहायची, असं तिथल्या न्यायाधीशांनी ठरवलं होतं. रेड्डी यांनी करबचावाचे दुष्परिणाम एकेक करून सांगितले. तिजोरीचं नुकसान त्यात होतंच. कर टाळण्याच्या आणि ती टाळाटाळ पकडण्याच्या लढाईत देशातली हुशार डोकी दोन्ही बाजूंनी खर्ची पडतात, हेही होतं. सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा मात्र नीतीचा होता. जो चलाखपणे निसटतो त्याचा भार अशा साध्या नागरिकाच्या खांद्यावर येतो ज्याला ही चलाखी येत नाही.

अठरा वर्षांनी, २००३ मध्ये, मॉरिशसमार्गे येणाऱ्या गुंतवणुकीच्या प्रकरणात त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या लहान पीठाने वेस्टमिन्स्टरचं तत्त्व इथे अजून जिवंत आहे असं सांगितलं. २०१२ मध्ये व्होडाफोनच्या प्रकरणात सुमारे अकरा हजार कोटींची करमागणी रद्द झाली. हचिसन या कंपनीचा भारतातला मोबाइल व्यवसाय केमन बेटांवरच्या एका कंपनीच्या शेअरच्या रूपाने व्होडाफोनला विकला गेला होता. सरकारने कायदा पूर्वलक्षी प्रभावाने बदलला, जगभर टीका झाली आणि २०२१ मध्ये तो बदल मागे घ्यावा लागला. या भांडणाच्या तपशिलात मी शिरत नाही. पण एक गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे: सरकारने मागे जाऊन नियम बदलणं हाही अन्यायच होता, आणि त्यामुळे करबचावाच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या हाती एक सबळ मुद्दा आला.

तो मुद्दा नीट ऐकून घ्यायला हवा. कर किती, कशावर आणि केव्हा हे कायद्यात लिहिलेलं असावं. ते अधिकाऱ्याच्या नैतिक भावनेवर सोडलं तर कुणीही सुरक्षित राहणार नाही. आपल्याकडे १९७३-७४ मध्ये वैयक्तिक उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर कराचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. त्या टप्प्यावरच्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याकडे उरत. असा दर असताना माणूस पळवाट शोधणार नाही अशी अपेक्षा करणं अवघड आहे, आणि तेवढे चढे दर करचोरीलाच खतपाणी घालतात असं १९७१ च्या वांछू समितीनेही म्हटलं होतं. कायदा अन्यायकारक असू शकतो, सरकार उधळं असू शकतं, अधिकारी जुलमी असू शकतात. हे सगळं मी मान्य करतो.

तरीही हा मुद्दा जिथे न्यायचा म्हणतात तिथे तो पोहोचत नाही. लिहिलेल्या कायद्याबाहेर जाऊन सरकारने कुणाला दंड करू नये, एवढंच त्यातून सिद्ध होतं. आपण जे केलं ते योग्य होतं का, हा प्रश्न नागरिकाला लागू नाही, असं त्यातून निघत नाही. भाडेकरूला कायद्याने ठरलेल्या मुदतीत घराबाहेर काढता येतं. तो आजारी असताना तसं करणाऱ्या मालकाबद्दल आपण मत बनवतोच, आणि ते मत कोर्टाचा निकाल वाचून बनवत नाही.

पेटिट यांच्या बाबतीत तर आणखी एक बाब आहे, ती त्यांच्या बाजूने सांगायला हवी. १९२७ चं सरकार त्यांनी निवडलेलं नव्हतं. परक्या सत्तेला कर द्यायचा नैतिक बंध किती, हा प्रश्न त्या काळी हवेत होता. पुढच्याच वर्षी बारडोलीच्या शेतकऱ्यांनी बावीस टक्क्यांनी वाढलेला सारा भरायला नकार दिला, जप्त्या सोसल्या. १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा कायदा मोडणाऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या. कर अन्यायाचा आहे असं ज्यांना मनापासून वाटत होतं त्यांनी तो उघडपणे नाकारला, का नाकारतो ते सांगितलं आणि परिणाम अंगावर घेतले. त्यांचा नकार सगळ्यांसाठी होता. सारा कमी झाला तर तो गावातल्या सगळ्यांचाच कमी होणार होता. चार कंपन्यांची रचना एका माणसासाठी असते आणि तिचं यश बाकीच्यांनी कर भरत राहण्यावर अवलंबून असतं. सगळ्यांनाच तशी रचना करता आली तर तो कर राहणारच नाही आणि सरकार दुसरा लावील. म्हणून ‘सरकार पैसे उधळतं, मग का भरू?’ हे वाक्य आज कुठल्याही मोठ्या करदात्याकडून ऐकलं की मला बारडोली आठवते आणि ते वाक्य अपुरं वाटतं.

दानाचा युक्तिवादही असाच तपासायला हवा. पेटिट घराण्याच्या देणग्यांनी मुंबईला खरोखर काही दिलं आहे, आणि ते ऋण मान्य करण्यात मला कसलाही संकोच नाही. पण देणगी कुठे द्यायची हे देणारा ठरवतो. नगरपालिकेच्या सांडपाण्याच्या नळाला, तालुक्याच्या न्यायालयातल्या कारकुनाच्या पगाराला सहसा कुणी देणगी देत नाही. जे कुणाच्याही नावाने उभं राहत नाही ते करातूनच चालतं.

आता मुळाशी येऊ. पगारदाराला कराच्या बाबतीत काय निवडता येतं? महिना संपायच्या आत टीडीएस कापलेला असतो, वर्षाच्या शेवटी फॉर्म १६ हातात येतो, त्यावरचा आकडा मालकाने आधीच करखात्याला कळवलेला असतो. उत्पन्न कुणाच्या नावावर दाखवायचं, या वर्षी की दहा वर्षांनी, पगार म्हणून की नफा म्हणून, पुण्यात की मॉरिशसच्या पोर्ट लुईत, हे प्रश्न त्याच्यापुढे येतच नाहीत. त्याहून खाली जो आहे त्याला मोबाइलच्या रिचार्जवर अठरा टक्के जीएसटी आपण भरतो हेही कुणी सांगत नाही. तो तर किमतीतच मिसळलेला असतो. मोठ्या संपत्तीचं वेगळेपण पैशांच्या आकड्यात कमी आणि या निवडीत जास्त आहे. संपत्ती एका मर्यादेपलीकडे गेली की उत्पन्न ‘होऊ द्यायचं’ की नाही हेच मालकाच्या हातात येतं.

अमेरिकेतल्या प्रोपब्लिका या शोधपत्रकारितेच्या संस्थेने जून २०२१ मध्ये हे आकड्यांनी दाखवलं. देशातल्या सर्वांत श्रीमंत पंचवीस जणांची संपत्ती २०१४ ते २०१८ या काळात ४०१ अब्ज डॉलरनी वाढली. त्या काळात त्यांनी भरलेला केंद्रीय आयकर होता १३.६ अब्ज डॉलर, म्हणजे वाढीच्या ३.४ टक्के. ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी २००७ आणि २०११ या वर्षांत एक डॉलरही केंद्रीय आयकर भरला नव्हता. यात गुन्हा काहीच नव्हता. ज्या कंत्राटी कर्मचाऱ्याने ही माहिती फोडली, त्याला मात्र जानेवारी २०२४ मध्ये पाच वर्षांची कैद झाली.

हे कसं जमतं? शेअरची किंमत वाढली म्हणून कर लागत नाही, शेअर विकला तर लागतो. मग विकायचाच नाही. घर, विमान, रोजचा खर्च यासाठी पैसे हवेत तर शेअर तारण ठेवून बँकेकडून कर्ज घ्यायचं. कर्ज उत्पन्न नाही. पेटिट यांनी स्वतःच्या कंपनीकडून घेतलेलं कर्ज न्यायालयाला नाटकी वाटलं. बँकेचं कर्ज खरं आहे, व्याज खरं आहे, म्हणून कुठलंही न्यायालय त्याला हात लावू शकत नाही. मालक वारला की अमेरिकेच्या कायद्यात वारसाच्या हाती शेअरची मूळ किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाइतकी धरतात. आयुष्यभरात झालेली वाढ आयकराच्या दृष्टीने पुसली जाते. भारतात तसं नाही. इथे वारसाला बापाने दिलेली मूळ किंमतच लागू होते आणि त्याने विकलं तर वाढीवर कर बसतो. पण त्यानेही विकलं नाही तर? आपल्याकडे १९५३ मध्ये सुरू झालेला मृत्युकर १९८५ मध्ये गेला, संपत्तीकर २०१५ मध्ये गेला. तेव्हा पिढ्यान् पिढ्या न विकलेल्या मालमत्तेच्या वाढीला आयकर कुठेच गाठत नाही. हे दोन्ही कर रद्द करताना दिलेली कारणं खोटी नव्हती: मृत्युकरातून शेवटी वर्षाला वीस कोटींच्या आसपासच येत होते आणि वसुलीचा खटाटोप त्या मानाने मोठा होता. पण पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत दर असलेल्या कराचे वीसच कोटी का येत होते, याचं उत्तर निम्मं तरी या लेखाच्या विषयात आहे.

कागदावरच्या वाढीवर कर कसा लावणार, ती उद्या नाहीशी झाली तर? ही हरकत खरी आहे, बाजार कोसळतात. पण ज्या वाढीवर भरवसा ठेवून बँक शेकडो कोटी देते, ती वाढ फक्त कर मोजताना अजून झालेली नसते, हे मला पटत नाही.

आपल्याकडच्या कायद्याने पेटिट यांची युक्ती बरीच आधी बंद केली. मोजक्या भागधारकांच्या कंपनीने आपल्या मोठ्या भागधारकाला कर्ज दिलं तर ते कंपनीच्या साठलेल्या नफ्यापुरतं लाभांशच मानायचं, अशी तरतूद १९६१ च्या आयकर कायद्यात होती. ती ज्या मोहासाठी आहे तो मोह मात्र कायम आहे. आज नव्या करप्रणालीत दोन कोटींवरच्या उत्पन्नावर वरचा दर ३९ टक्के पडतो, आणि २०१९ नंतर सवलती सोडून देणाऱ्या कंपनीला साधारण २५.१७ टक्के. मिळकत स्वतःकडे न घेता कंपनीत राहू द्यायची, हे या दोन आकड्यांतलं अंतर पाहिलं की कुणालाही सुचेल.

दार बंद झालं की शेजारचं दार शोधण्याचा एक नमुना थोडा सविस्तर सांगतो, कारण या क्षेत्रात विचार कसा चालतो ते त्यातून कळतं. समजा तुमच्याकडे एका कंपनीचा शेअर आहे, किंमत सहाशे रुपये. कंपनी एका शेअरमागे पाच बोनस शेअर देते. कंपनीची मालमत्ता तेवढीच राहिली, शेअर सहापट झाले. म्हणून प्रत्येकाची किंमत होते शंभर. आता सहाशेला घेतलेला मूळ शेअर शंभरला विका. कागदावर पाचशे रुपयांचा तोटा. बोनस शेअरची मूळ किंमत शून्य धरतात, पण हातात ते पाच आहेत आणि बाजारात त्यांचे पाचशे रुपये येतात. एक पैसाही न गमावता पाचशेचा तोटा तयार झाला. दुसरीकडे झालेल्या खऱ्या नफ्यातून तो वजा करायचा. रुपयांच्या जागी कोटी घाला, म्हणजे हे कशासाठी करतात ते लक्षात येईल.

म्युच्युअल फंडाच्या युनिटबाबत ही युक्ती कायद्याने आधीच बंद केली होती. शेअरचा उल्लेख त्या कलमात एप्रिल २०२२ पर्यंत नव्हता. म्हणून शेअर. २०२४ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयापुढे अशाच एका व्यवहाराचं प्रकरण आलं. संसदेने युनिटपुरतीच मनाई केली आहे, तेव्हा शेअरबाबतीत सर्वसाधारण नियम वापरता येणार नाही, असा करदात्याचा बचाव होता. न्यायालयाने करखात्याची कारवाई थांबवायला नकार दिला. तो ‘सर्वसाधारण नियम’ म्हणजे सगळे ज्याला ‘गार’ म्हणतात तो, १ एप्रिल २०१७ पासून लागू झालेला. व्यवहाराचा मुख्य हेतू कर वाचवणं हा असेल आणि शिवाय त्याला व्यापारी आशय नसेल किंवा त्यात कायद्याचा गैरवापर होत असेल, तर करखातं तो व्यवहार बाजूला ठेवू शकतं. कर वाचण्याचा आकडा वर्षाला तीन कोटींहून अधिक असेल तरच, आणि उच्च न्यायालयाच्या आजी किंवा माजी न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाने मान्यता दिली तरच. हे कुंपण मला आवडतं. अधिकाऱ्याच्या लहरीचं भय आणि करदात्याची चलाखी या दोन्हींचा त्यात विचार आहे, आणि चिन्नप्पा रेड्डी जे म्हणत होते ते बत्तीस वर्षांनी अमलात आलं.

मग कर वाचवणारा प्रत्येक जण दोषी का? मुळीच नाही. पीपीएफमध्ये पैसे टाकणारी शिक्षिका सरकारला हवं तेच करते; लोकांनी म्हातारपणासाठी साठवावं म्हणूनच ती सवलत ठेवली. राहतं घर विकून दुसरं घेणाऱ्याला भांडवली नफ्यावर सूट आहे, कारण घर बदलताना माणूस कराने नागवला जाऊ नये. पण याच सवलतीचा आधार घेऊन जेव्हा दहा-दहा कोटींच्या वरचे नफे आलिशान घरांत मुरवले जाऊ लागले, तेव्हा २०२३ च्या अर्थसंकल्पाने सूट दहा कोटींवर थांबवली. मर्यादा एप्रिलपासून लागू होणार होती. त्याआधीच्या दोन महिन्यांत वरळीसारख्या भागात महागड्या फ्लॅटच्या खरेदीची घाई झाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत होत्या. शिक्षिका आणि वरळीचा खरेदीदार दोघांनीही कायद्याने दिलेली सूट घेतली. फरक एवढा की शिक्षिकेच्या व्यवहारातून कर वजा केला तरी तिच्या हातात बचत उरते, आणि तीच तिला हवी होती. मी हीच कसोटी लावतो. व्यवहारातून कराचा भाग काढून टाका आणि उरलेल्यात तो करण्याचं काही कारण शिल्लक राहतं का ते पाहा. पेटिट यांच्या चार कंपन्यांत काहीच उरत नाही. माळ्याच्या करारपत्रात उरत नाही. बोनस शेअरच्या तोट्यात उरत नाही. चौथ्या ड्यूकच्या जखमेत उरतं, कारण ती जखम कुणी करासाठी करून घेतलेली नव्हती.

फक्त श्रीमंतांच्या सदसद्विवेकावर हे सोडून चालणार नाही, हेही तितकंच खरं. एकाने सचोटीने भरलं आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याने टाळलं तर धंद्यात तोटा पहिल्याचाच होतो. अर्थशास्त्रज्ञ गॅब्रिएल झुकमन यांनी ब्राझीलच्या अध्यक्षतेखालच्या जी-२० साठी २०२४ मध्ये एक प्रस्ताव मांडला: जगातल्या सुमारे तीन हजार अब्जाधीशांनी, कुठल्याही वाटेने का होईना, आपल्या संपत्तीच्या किमान दोन टक्के इतका कर दरवर्षी भरलाच पाहिजे. त्यातून दोनशे ते अडीचशे अब्ज डॉलर येतील असा त्यांचा अंदाज. फ्रान्सच्या कनिष्ठ सभागृहाने फेब्रुवारी २०२५ मध्ये याच धर्तीचं विधेयक मंजूर केलं आणि जूनमध्ये सिनेटने ते फेटाळलं. श्रीमंत लोक देश सोडून जातील ही भीती तिथे मांडली गेली.

एवढ्या मोठ्या कराची वाट पाहत बसण्याची गरज मला वाटत नाही. ब्रिटनने २००४ पासून एक साधा नियम केला आहे: ठरावीक लक्षणं असलेली करबचतीची योजना जो सल्लागार विकतो, त्यानेच ती करखात्याला कळवायची. योजना बेकायदा आहे असं त्यात गृहीत धरलेलं नाही. ती वापरायलाही आडकाठी नाही. फक्त ती अंधारात राहत नाही, आणि संसदेला ती बंद करायची की नाही हे वेळेत ठरवता येतं. आपल्याकडे सल्लागारावर अशी जबाबदारी टाकली, तर युनिटपाशी थांबलेलं कलम शेअरपर्यंत न्यायला लागलेली वर्षं नक्कीच कमी होतील. ज्या सनदी लेखापालाला आपली योजना तीस दिवसांत करखात्याच्या टेबलावर ठेवायची आहे, तो ती अशिलापुढे ठेवण्याआधी दोनदा वाचेल.